छाटणीच्या दिवसांत डॉलर

सप्टेंबरच्या अखेरीस तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या हातात पैसा नसतो. मागच्या हंगामाचा बेदाणा एक तर विकून संपलेला असतो, नाही तर बऱ्या भावाची वाट बघत कोल्ड स्टोरेजला पडलेला असतो. समोर फळछाटणी उभी असते. छाटणीची मजुरी, काडीला लावायचं पेस्ट, त्यामागून डावणी रोगाच्या भीतीने सुरू होणाऱ्या फवारण्या. अमेरिकेतल्या रुग्णालयांना रेसिडेन्सीचे, म्हणजे एमबीबीएसनंतर तिथे पगारावर घ्यायच्या प्रशिक्षणाचे, अर्ज उघडून बघता येतात तेही याच आठवड्यात. २०२५ साली ती तारीख २४ सप्टेंबर होती. त्या दिवशी अर्ज तयार नसेल तर मागून आलेल्या अर्जाकडे बघायला फारशी सवड कुणाला उरत नाही. म्हणजे ज्या बागायतदाराची मुलगी एमबीबीएस होऊन अमेरिकेला अर्ज करते आहे, त्या घराने डॉलरमधला मोठा खर्च करायचा तो अगदी हात रिकामे असताना.

सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी २९ वर्षं कर्ज विभागात काम केलं. सोनेतारणाच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला गावाची दुखणी लवकर कळतात. लग्न, बोअर, ऑपरेशन, २०१९ च्या महापुरानंतर घर पुन्हा उभं करणं. निवृत्तीआधीच्या सात-आठ वर्षांत त्यात एक कारण नव्याने यायला लागलं: मुलाची किंवा मुलीची अमेरिकेची परीक्षा. यात नवल नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. सांगलीत, इस्लामपुरात, कराडला खासगी महाविद्यालयं आहेत, साताऱ्यातही आता शासकीय झालं आहे. या दोन जिल्ह्यांतून दर वर्षी शेकडो डॉक्टर बाहेर पडतात आणि त्यांतले काही जण अमेरिकेकडे बघतात. कर्जाच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात आम्ही सरळ 'शिक्षण' असं लिहायचो.

ते चूक होतं. माझ्या भाचीने अर्ज केला, तिच्या खर्चाची वही मी तिच्याबरोबर बसून मांडली, तेव्हा मला ते कळलं. शिक्षणाची फी भरली की जागा मिळते, हजेरीपटावर नाव लागतं. या पैशाने जागा मिळत नाही. जागेसाठी उभं राहता येतं, एवढंच. २०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालयं यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवणाऱ्या व्यवस्थेत, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८ टक्क्यांना जागा मिळाली. तिथल्याच एमडी महाविद्यालयांतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हा आकडा ९३.५ टक्के होता. शिवाय हे ५८ टक्के मोजले जातात ते पसंतीची यादी दाखल केलेल्या उमेदवारांतून. ज्याला मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही, त्याने यादी तरी कशाची दाखल करायची? सगळी फी भरूनही तो या हिशेबात येत नाही. म्हणजे अर्ज करणाऱ्या सगळ्यांची सरासरी शक्यता ५८ पेक्षा कमीच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा पैसा परत न येणारा आहे असं धरूनच तो मोजला पाहिजे, आणि त्याचा धोका एकट्या घराच्या डोक्यावर राहता कामा नये. पहिली गोष्ट घराने करायची आहे, दुसरी आपण सगळ्यांनी. दोन्ही आज होत नाहीत.

आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे आकडा सांगायची लाज वाटते. मुलं आईबापाला एकदम सगळं सांगत नाहीत. परीक्षेची फी तेवढी सांगतात, पुढचं पुढे बघू म्हणतात. दर सहा महिन्यांनी नवा आकडा पुढे येतो आणि आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून घर पुढचे पैसे उभे करतं. डॉलर ९० रुपये धरू. स्टेप वन आणि स्टेप टू सीके या तिथल्या वैद्यकीय परवान्याच्या दोन परीक्षा, केंद्र भारतात ठेवल्याचा अधिभार धरून, प्रत्येकी सुमारे बाराशे डॉलर. दोन्ही मिळून सव्वादोन लाख रुपये. प्रश्नसंचांची वर्गणी आणि सराव परीक्षा यांचे हजारभर डॉलर, म्हणजे नव्वद हजार. मग परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेकडे नोंदणी, ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि पाथवेज नावाचा अर्ज. पाथवेजचेच नऊशे डॉलरच्या आसपास होतात, तिन्ही मिळून एक लाख चाळीस हजार. त्यानंतर प्रत्यक्ष अर्ज: पोर्टलवर अर्ज उघडण्याचं टोकन, गुणपत्रक, मॅचची नोंदणी आणि प्रत्येक प्रोग्रॅमचे, म्हणजे रुग्णालयाच्या प्रशिक्षण विभागाचे, वेगळे पैसे. शंभर ठिकाणी अर्ज टाकला तर अडीच लाखांच्या घरात. हे सगळं इथे बसून करायचं. अमेरिकेत जाऊन दोन महिने ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे रुग्णालयात राहून तिथलं काम नुसतं बघणं, करायची तर विमान, व्हिसा, राहणं, खाणं आणि बहुतेक ठिकाणी द्यावी लागणारी फी धरून पाच-सहा लाख. एकूण साडेबारा लाख. अभ्यासासाठी घरी बसलेल्या पंधरा महिन्यांत एमबीबीएस डॉक्टरला मिळाला असता तो महिना साठ हजारांचा पगार यात धरलेला नाही. तो धरला तर आणखी नऊ लाख.

तुलनेसाठी सांगतो. इथल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजी परीक्षेची फी खुल्या प्रवर्गासाठी २०२४ पासून ३५०० रुपये आहे.

कुणी म्हणेल, पूर्वी तर याहून जास्त लागायचे. खरं आहे. स्टेप टू सीएस नावाची एक प्रात्यक्षिक परीक्षा अमेरिकेत जाऊनच द्यावी लागायची. कोविडमध्ये ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. मुलाखतीही २०२० पासून बहुतेक ऑनलाइन झाल्या, नाही तर नोव्हेंबर ते जानेवारी मुलं थंडीत या शहरातून त्या शहरात बसने फिरायची. हा खर्च वाचला हे चांगलंच झालं. पण घरात बसून मुलाखत देता येते म्हटल्यावर प्रत्येक जण जास्त ठिकाणी अर्ज टाकायला लागला. वाचलेला पैसा अर्जांच्या संख्येत गेला.

या अर्जांच्या संख्येवर मला जास्त बोलायचं आहे, कारण वहीतला हाच एक मोठा आकडा पूर्णपणे आपल्या हातात असतो. अलीकडच्या हंगामांत पहिल्या तीस अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर पडतात आणि एकतिसाव्यापासून पुढे प्रत्येकाला ३०. म्हणजे साठ अर्जांना १२३० डॉलर, शंभराला २४३०, दीडशेला ३९३०. एकतिसाव्या अर्जाचे २७०० रुपये होतात. नीट पीजीच्या अख्ख्या परीक्षेहून आठशेच कमी. तरीही मुलं दीडशे-दोनशे अर्ज टाकतात, कारण भीतीपोटी अर्ज टाकताना हिशेब करायला कुणी बसत नाही. सीनियर सांगतो, मी दोनशे टाकले. त्याला जागा मिळाली ती दोनशे टाकल्यामुळे की त्यातल्या आठ ठिकाणी त्याचं कागदपत्र जुळत होतं म्हणून, हे त्यालाही सांगता येत नाही.

भाचीच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दाजींनी, सरळ सांगितलं होतं: "दीडशे टाक. कुठं ना कुठं लागंलच की." त्यावर ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही वेलीवर सगळे घड ठेवता का?" दाजी गप्प झाले. तीस वर्षं बाग केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जादा घड ठेवले की एकही नीट फुगत नाही, म्हणून डोळ्यांदेखत चांगले दिसणारे घड काढून टाकावे लागतात. तिने मग आठ दिवस बसून विरळणी केली. पदवी होऊन किती वर्षं चालतात, जे-वन हा प्रशिक्षणासाठीचा व्हिसा चालतो का, मागच्या तीन वर्षांत तिथे भारतातून किती जण लागले, गुणांची खालची मर्यादा काय. ही माहिती बरीचशी फुकट मिळते. तिला इंटर्नल मेडिसिन हवं होतं, आणि त्या शाखेत अलीकडे उमेदवाराला पंधरा प्रोग्रॅमना 'सिग्नल' देता येतो, की मला तुमच्याकडे खरंच यायचं आहे. हे पंधरा सोडून बाकीच्या अर्जांना उत्तर येण्याची शक्यता घटते, हे कुणालाही कळेल. शेवटी तिने साठ ठेवले. शंभराच्या तुलनेत बाराशे डॉलर वाचले, त्या वेळच्या ८४ च्या भावाने एक लाख रुपये. एक लाखात दाजींची एकरभर छाटणी होऊन वर फवारणीचं औषध आलं.

भावाचंही बघा. २०२४ च्या सप्टेंबरात ८४ असलेला डॉलर २०२५ च्या डिसेंबरात नव्वदच्या पुढे गेला. सुमारे ७८०० डॉलर इथे बसून कार्डाने भरायचे म्हटलं तर नुसत्या भावातल्या या फरकाने सत्तेचाळीस हजार जातात. त्यात बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी. सात लाखांवर हे एकोणतीस हजार होतात. कमी शुल्काची कार्डं असतात, बँकेत विचारलं तर सांगतात, पण विचारायचं असतं हेच घरात कुणाला माहीत नसतं. म्हणून वही डॉलरमध्ये मांडावी आणि रुपयांत करताना आजच्या भावावर दहा टक्के चढवून धरावेत.

आता कर्ज. राष्ट्रीयीकृत बँक शैक्षणिक कर्ज देते ते प्रवेशपत्र बघून. रेसिडेन्सीच्या अर्जाला प्रवेशपत्र नसतं, आणि निवड झाली तरी ती पगाराची नोकरी असते. त्यामुळे बँकेच्या लेखी हा खर्च शिक्षणातही बसत नाही आणि धंद्यातही. मग राहतात व्यक्तिगत कर्ज, सावकार आणि सोनं. सोनेतारणाची मुदत साधारण वर्षाची. आणि या प्रवासाला किती दिवस लागतात? स्टेप वनची फी भरल्यापासून पहिला पगार हातात पडेपर्यंत, सगळं सुरळीत झालं तरी, दोन वर्षं उलटून जातात. सप्टेंबरात अर्ज, मार्चमध्ये निकाल, एक जुलैला रुजू, जुलैच्या अखेरीस पहिला पगार. स्टेप वनसाठी गहाण ठेवलेल्या पाटल्यांची मुदत मॅचचा अर्ज टाकायच्या आधीच संपलेली असते. मग व्याज भरून कर्ज नवं-जुनं करायचं. मी स्वतः अशी कर्जं नवी-जुनी करून दिली आहेत, एकेकाची तीन-तीनदा, आणि त्यातली काही माणसं शेवटी काउंटरवर येऊन म्हणाली, विकून टाका साहेब, राहिलेलं द्या. त्या वेळी मी पावती फाडून दिली. आज वाटतं, पहिल्याच दिवशी समोर खुर्ची ओढून त्यांना विचारायला हवं होतं की एकूण किती लागणार आहेत आणि कुठे थांबणार आहात.

कर्ज अजिबात घेऊ नये असं मी म्हणत नाही. मॅच झाल्यावर घ्यावं, जरूर घ्यावं. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला वर्षाला पासष्ट ते सत्तर हजार डॉलर पगार मिळतो. त्याच्या बळावर व्हिसा, तिकीट, घराची अनामत, पहिल्या महिन्याचा खर्च यासाठी साडेतीन-चार लाख काढले तर ते कर्ज फिटतं. तेवढी तजवीज वहीत वेगळी ठेवायला हवी. जागा मिळाली म्हणजे खर्च संपला असं धरणाऱ्यांची २०२५ मध्ये फार ओढाताण झाली. २७ मेपासून १८ जूनपर्यंत अमेरिकेने जे-वन व्हिसाच्या नव्या मुलाखतीच थांबवल्या होत्या आणि रुजू व्हायची तारीख तोंडावर होती. पण मॅचच्या आधी जमीन किंवा मंगळसूत्र गहाण टाकून अर्ज करणं हे मी माझ्या घरात होऊ दिलं नाही, आणि ओळखीच्या कुठल्याही घरात होऊ देणार नाही.

एच-वनबी या नोकरीच्या व्हिसाच्या नादाने होणाऱ्या खर्चाचंही तेच. त्यासाठी स्टेप थ्री आधी द्यावी लागते, ती नऊशे डॉलरच्या वर जाते आणि अमेरिकेत जाऊनच देता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या एच-वनबी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. एका रेसिडेंटसाठी एवढे पैसे मोजायला लहान रुग्णालय तयार होईल, या भरवशावर अडीच-तीन लाख आधीच खर्चून बसणं शहाणपणाचं नाही.

ऑब्झर्व्हरशिपमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक होते. भाचीच्या बॅचमधल्या एका मुलाने एका एजंटाला दोन महिन्यांचे चार हजार डॉलर दिले. मोठ्या रुग्णालयाचं नाव सांगितलं होतं. प्रत्यक्षात गावाबाहेरच्या एका खासगी दवाखान्यात तो खुर्चीवर बसून राहिला आणि शेवटी हातात आलं एका परिच्छेदाचं छापील शिफारसपत्र. त्याच्या वडिलांचं कराडजवळ उसाचं दीड एकर आहे. कारखान्याचा पहिला हप्ता आला तो त्यातच गेला. भाचीने वेगळा रस्ता धरला. महाविद्यालयाचे जे जुने विद्यार्थी तिकडे आहेत त्यांना तिने एकेक करून पत्रं लिहिली, साठाहून जास्त. नऊ जणांनी उत्तर दिलं. एका बाईंनी आपल्या विभागात महिनाभर बसू दिलं आणि आपल्याच घरातली एक खोली दिली. त्या खोलीने दीड लाख वाचले. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांच्यासाठी आपलं घर उघडं ठेवलं होतं. एवढ्या वर्षांनी फी, पोर्टल, टोकन सगळं बदललं. नव्या देशात पाऊल ठेवणाऱ्या मुलीला उघडं दार लागतं, ते तसंच लागतं.

आणि इथूनच दुसरा मुद्दा सुरू होतो, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. साठ पत्रं लिहून नऊ उत्तरं मिळवायची ताकद प्रत्येकाकडे नसते. ज्याचे आईवडील डॉक्टर आहेत, ज्याचा मामा शिकागोला आहे, त्याला हे आपोआप मिळतं. आटपाडीच्या, जतच्या, माणच्या मुलाला नाही. बारा लाखांचा धोका पत्करणं एका घराला परवडतं, दुसऱ्याला परवडत नाही, आणि हुशारीशी याचा संबंध नाही. अमेरिकेत दर चार डॉक्टरांमागे एक परदेशात शिकलेला आहे. २०३६ पर्यंत तिथे ८६ हजारांपर्यंत डॉक्टर कमी पडतील असा तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेचा अंदाज आहे. गरज त्यांची आहे. निवडीच्या प्रत्येक पायरीवर फी घेणाऱ्या संस्थाही त्यांच्याच. आणि हरण्याचा सगळा धोका मात्र माणमधल्या मेंढपाळाच्या घराने सोसायचा. त्यांना आपण बदलू शकत नाही. आपल्या बाजूचं काही तरी नक्कीच करू शकतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका समजत नाही. सरकारी महाविद्यालयात लोकांच्या पैशावर शिकलेल्या डॉक्टरला परदेशात जायला समाजाने मदत का करायची? जतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची खुर्ची रिकामी असताना? माझं उत्तर असं आहे. सरकारी महाविद्यालयात शिकल्याबद्दल सरकारी सेवेचं बंधपत्र असतं, त्याचं एक वर्ष आधी पूर्ण करायचं, मगच मदत. ते टाळलं तर दहा लाखांचा दंड आहे, आणि ही रक्कम कित्येकांच्या वहीत लिहिलेलीच नसते. भाचीने ते वर्ष जत तालुक्यात काढलं. सुरुवातीला ती खट्टू होती, की एक वर्ष मागे पडणार. पण त्या वर्षाच्या पगारातून स्टेप टू, ओईटी आणि पाथवेज या तिन्हींचे पैसे उभे राहिले, आणि रोज शंभरभर रुग्ण तपासून तिचा हात बसला तो वेगळाच. त्या गावाला वर्षभर डॉक्टर मिळाला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' म्हणून मुलांना आपल्या हाताने शिक्षणाचा खर्च उचलायला लावला. त्याच मातीतली आपली मुलं आहेत. एमबीबीएस झालेल्या पोराने वर्षभर कमवून मग अर्ज केला तर त्यात कमीपणा नाही.

लक्ष्मीबाई पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांना जेवायला मिळावं म्हणून अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं, हे या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही माहीत आहे. काउंटरवर बसून मी इतकं सोनं तोललं तेव्हा मला त्यांची आठवण यायची. पण त्या सोन्यावर अख्खं बोर्डिंग जेवलं. आज प्रत्येक आई आपापल्या लेकरासाठी एकटी पाटल्या उतरवून देते आणि हरली तर एकटीच हरते.

म्हणून प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाने एक फिरता निधी उभा करावा असं माझं म्हणणं आहे. हिशेब अवघड नाही. वर्षाला दहा विद्यार्थी, प्रत्येकी तीन लाख, एकूण तीस लाख. इथे बसून करायच्या परीक्षा आणि अर्ज यांतला जवळपास निम्मा भाग त्यात निघतो, बाकीचं विद्यार्थ्याने बंधपत्राच्या वर्षात कमवायचं. मॅच झाला तर रुजू झाल्यापासून दीड वर्षात पूर्ण परत. नाही झाला तर निम्मे परत, तेही इथे नोकरी लागल्यावर, बिनव्याजी. दहांपैकी सहा लागले तर अठरा लाख पूर्ण येतात, उरलेल्या चौघांचे सहा लाख. म्हणजे वर्षाला सहा लाखांची तूट. तिकडे स्थिरावलेल्या जुन्या विद्यार्थ्याने वर्षाला ५०० डॉलर दिले तर चौदा जण पुरतात. फक्त चौदा. भाचीला उत्तर देणाऱ्यांपैकी तिघांनी तर स्वतःहून विचारलं होतं की पैशाची काही अडचण आहे का. कुठे द्यायचे, हे तिलाही सांगता आलं नाही, कारण तशी जागाच नाही.

एक कायद्याची गोष्ट इथे आधीच पक्की करून घ्यावी लागेल. ज्यांच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे ते आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतात. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांची देणगी परकीय ठरते आणि संस्थेकडे त्यासाठीची नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. गेल्या दहा वर्षांत गेलेल्यांपासून सुरुवात केली तर हा पेच फारसा येणार नाही. आणि निधी सांभाळायला आपल्या पतसंस्था आहेतच. वसुली, जामीनदार, ताळेबंद, वार्षिक सभा, हे सगळं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. द्राक्षाला, उसाला, म्हशीला कर्ज देताना पीक कधी हाती येणार हे बघून आपण हप्ते पाडतो. मार्चच्या निकालाकडे आणि जुलैच्या पगाराकडे बघून हप्ते पाडणं याहून काय वेगळं आहे?

निधी उभा राहायला वेळ लागेल. तोवर महाविद्यालयांना एक गोष्ट बिनपैशाची करता येईल. इंटर्नशिप सुरू होण्याच्या दिवशी, ज्यांना बाहेर जायचं आहे त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एकत्र बोलवावं आणि फळ्यावर सगळा खर्च लिहून दाखवावा. ज्याला जागा मिळाली नाही अशा एका जुन्या विद्यार्थ्यालाही बोलायला बोलवावं. यशस्वी झालेल्यांचे सत्कार आपण करतो, हार घालतो, फोटो पेपरात देतो. ज्याचे अकरा लाख गेले त्याला तोंड लपवून फिरावं लागतं. त्याच्याकडे जी माहिती आहे ती सत्कार घेणाऱ्याकडे नाही.

भाचीला २०२५ च्या मॅचमध्ये जागा मिळाली नाही.

१७ मार्चच्या संध्याकाळी ईमेल आला तेव्हा मी दाजींच्या घरी होतो. चार मुलाखती झाल्या होत्या, आशा होती. बेदाण्याच्या शेडवरून हात न धुता आलेले दाजी उंबऱ्यातच बसले. आक्का चुलीपाशी उभी राहून नुसती बघत होती. भाची बराच वेळ आतल्या खोलीत होती. मग बाहेर आली ती वही घेऊन. आम्ही दोन वर्षांपूर्वी शेवटच्या पानावर आडवी रेघ मारून तिच्या खाली लिहिलं होतं: साडेआठ लाख, त्याच्या पुढे नाही. प्रत्यक्ष खर्च सात लाख नव्वद हजार झाला होता, त्यातले चार लाख दहा हजार तिच्या स्वतःच्या पगारातले. उरलेल्या साठ हजारांत दुसऱ्या वेळी अर्ज टाकायचा का, हे तिने आम्हाला विचारलं. दाजींनी वही हातात घेतली, आकडे बोटाने खालपर्यंत मोजत आणले आणि म्हणाले, "बाग हाय, सोनं हाय, तू हाईस. टाक की."

तिने तीस टाकले.